डावी खिडकी का उजवी खिडकी

…आणि वर मलाच विचारतात, 'अंबाजीराव, ह्या वेळी डावी का उजवी?' अहो, मला काय विचारता? मी काय विमान चालवतो? छत्तीस वर्षं शाळेत पीटी मास्तर होतो मी, मैदानात उभं राहून 'एडा, बला, एडा, बला' ओरडत निम्म्या सरस्वतीपुरमला डावा पाय कुठला आणि उजवा कुठला ते मी शिकवलंय, त्यातले दोघं आता निवडणुकीला उभे राहतात आणि अजून चुकीच्या पायानं सुरुवात करतात, ते जाऊ द्या… पण ह्या एका खिडकीपायी मला, मला स्वतःला, डावं-उजवं कळेनासं झालं! तुम्हाला सांगतो, माणसानं दोन गोष्टी करू नयेत. एक, लग्नात शेवटच्या पंगतीला बसू नये, आणि दोन, आपण विमानानं जाणार हे गल्लीत सांगू नये. पहिल्यात नुसतं पोट रिकामं राहतं, दुसऱ्यात डोकं रिकामं होतं.

झालं काय, नोडी… हां, हे 'नोडी' म्हणजे 'बघा' हो. आमचं मराठी असंच. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत आले, दोनशे वर्षं झाली, घरात अजून मराठी बोलतो, पण 'अय्यो' म्हटल्याशिवाय दुःख होत नाही आणि 'नोडी' म्हटल्याशिवाय कुणी बघत नाही. तर झालं काय, आमची विद्याश्री, मुलगी, हैदराबादला असते. तिथं तिनं फ्लॅट घेतला, म्हणाली गृहप्रवेशाला या. मी म्हटलं येतो की, रेल्वे आहे. तर म्हणाली, 'अप्पा, तुमचे गुडघे बघा आणि रेल्वेचा वरचा बर्थ बघा. विमानानं या. मंडकळ्ळीच्या विमानतळावर बसायचं, हैदराबादला उतरायचं. तिकिटं काढलीत मी, फक्त सीट तेवढी तुम्ही निवडा.' फक्त! तिकिटं तिनं काढली आणि भांडण माझ्याकडं पाठवून दिलं.

मोबाईलवर चित्र आलं. विमान उभं चिरून ठेवल्यासारखं. दोन खुर्च्या इकडं, दोन तिकडं, मधे चालायची वाट. ए, सी, मग वाट, मग डी, एफ. मी म्हटलं, बी कुठं गेला? आणि ई? मी दोनदा मोजलं. माझ्या शाळेत पहिलीतल्या पोरानं ए नंतर सी म्हटलं असतं तर त्याला बेंचवर उभं केलं असतं मी, आणि हे लोक तसं छापून वर आभाळात उडतात!

तेवढ्यात स्वैपाकघरातून आवाज आला, 'खिडकी मला.' दोनच शब्द. जयवंती, आमची बायको. मूळची एच. डी. कोटेकडच्या सरगूर गावची, बोलणं बेताचं. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं 'मला' असं किती वेळा म्हटलं असेल, मी मोजायला बसलो तर एका हाताची बोटं पुरली, आणि त्यातही एकदा ती 'मला ताप आलाय' म्हणाली होती. म्हणून मी दचकलो. आणि दचकल्यावर मला एकदम आमचा दसरा आठवला.

आता दसऱ्याचं सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. मिरवणूक बघायला जागा धरणं हा आमच्या घराण्याचा मान आहे. पणजोबा मिरवणुकीत घोड्यावर असायचे. आजोबा घोड्यामागून चालायचे. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. आणि मी उभं राहायला जागा धरतो. अशी घराण्याची चढती कमान! पहाटे पाचला जायचं, फुटपाथवर टॉवेल अंथरायचा, त्यावर चित्रान्नाचा डबा ठेवायचा, आणि दुपारी हत्ती येईपर्यंत त्या टॉवेलवरून जागचं हलायचं नाही. पोलीस आला, हलायचं नाही. ऊन आलं, हलायचं नाही. दुसरी गोष्ट आली तर… ती आदल्या दिवशीच आटपून यायची! आणि अंबारी आली की मी पुढं उभा, डोक्यावर वडिलांचा जरीचा म्हैसूर पेटा, हा एवढा उंच, आणि जयवंती माझ्या मागं.

मागं का? अहो, बायका मागंच उभ्या राहतात आमच्यात. कुणी नियम केला म्हणून नाही, सुम्ने, उगीचच. मी मागं न बघता तिला सांगत असतो, 'हां, आता हत्ती आला… आता वळला… आता लोक फुलं टाकतायत…' रेडिओ! अडतीस वर्षं त्या बाईनं दसरा ऐकला हो, बघितला नाही. तिला दिसायचा तो पेटा. आणि हे मला कधी उमगलं? तिनं दोन शब्द म्हटले तेव्हा. लाज वाटली. खरं सांगतो, स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, आता बास. ह्या वेळी जयवंतीला राजवाडा दाखवायचा. वरून, अख्खा, घुमटासकट! चामुंडीचा डोंगर, राजवाडा, जमलं तर आपलं घरसुद्धा. मधे कुणाचं डोकं नाही, कुणाचा पेटा नाही. ती आणि काच. एवढं जर जमलं नाही तर छत्तीस वर्षं शिट्टी फुंकून मी मिळवलं काय?

पण खिडक्या दोन! आणि प्रश्न एक, डावी का उजवी?

मी आपला समोरच्या नरसिंहमूर्तींना विचारायला गेलो. हे आमचे रिटायर्ड शेजारी. एकदा सिंगापूरला जाऊन आलेत, मुलाकडं, दोन हजार अकरा साली. त्या प्रवासात बॅगेला बांधलेली चिठ्ठी अजून बॅगेलाच आहे, आणि ती बॅग घेऊन ते भाजी आणायला जातात! दोडक्याच्या शेजारी सिंगापूर लोंबतंय. तर हे डोळे मिटून, बोट वर करून म्हणाले, 'अंबाजीराव… रैटु बेडा! उजवी नकोच! विमान जाणार उत्तरेला. सकाळचं ऊन येणार उजवीकडनं. तोंड करपून जाईल!' मी म्हटलं, 'पण राजवाडा कुठल्या बाजूला दिसेल?' तर म्हणाले, 'राजवाडा कुठं जातोय? ऊन बघा, ऊन!' म्हणजे नोडी, सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, आणि विचार करतो तो एच. डी. कोटेच्या बसचा. सावलीची बाजू! उद्या म्हणेल, चाकावरची सीट नको, धक्के बसतात.

तिथनं आलो तर तुकोजीराव हजर. हा चुलतभाऊ, चामराजपुरमला राहतो. विमानात एकदाही बसला नाही, पण लोकांना सोडायला विमानतळावर एकोणीस वेळा गेलाय, त्यामुळं ह्या विषयात त्याच्यापुढं पायलटनं बोलू नये अशी त्याची अपेक्षा असते. सोफ्यावर पाय घेऊन म्हणतो, 'अंबू, खिडकी कशाला रे? वाटेकडची घे. उतरायला पहिला नंबर.' अरे, उतरायला पहिला नंबर लावायचा तर चढायचं कशाला? मी म्हटलं, 'जयवंतीला राजवाडा दाखवायचाय.' तर म्हणतो, 'राजवाडा? सिटी बसमध्ये बसव, राजवाड्याच्या पुढच्या दारात उतरव. तिथं काय विमानानं जातात?' आणि चहा पिऊन, बशी चाटून, चपला घालता घालता म्हणतो, 'घेणारच असशील तर उजवी घे. चामुंडी उजवीकडं.' मी म्हटलं, 'कशाच्या उजवीकडं?' तर म्हणाला, 'आमच्या गॅलरीच्या.' आता मी काय ह्याची गॅलरी घेऊन उडणार होतो?

म्हणजे एक डावी, एक उजवी. हिशेब परत शून्य.

मग मी म्हटलं, शिकलेल्या माणसाला विचारू. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे आमचा, निशांत, पुण्याचा, कंप्युटरमध्ये. त्याला कॉफीला बोलावलं. त्यानं चित्र बघितलं, हसला, आणि म्हणाला, 'काका, अ‍ॅक्च्युअली ह्यात ठरवण्यासारखं काहीच नाहीये.' पुण्याच्या माणसाचं हे बरं असतं. तुम्ही प्रश्न विचारायच्या आत तो तुमचा प्रश्नच चुकीचा ठरवतो. म्हणाला, 'हे छोटं विमान आहे, पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे खालचं छान दिसतं. फक्त त्या फिरणाऱ्या पंख्याशेजारची रांग सोडा, मागे बसा. राहिलं डावं-उजवं. धावपट्टी आहे पूर्व-पश्चिम. शहर तिच्या उत्तरेला. विमान पूर्वेकडे उडालं तर शहर डावीकडे. पश्चिमेकडे उडालं तर शहर उजवीकडे.' मी म्हटलं, 'वा! मग उडतं कुठं?' 'ते वाऱ्यावर आहे काका. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं.' 'मग वारा कुठनं येणार?' 'ते त्या दिवशी कळेल.' 'अरे पण सीट आज निवडायची!' 'हो ना,' म्हणाला, 'म्हणून तर म्हटलं, ठरवण्यासारखं काहीच नाहीये.' दोन कप कॉफी प्यायला हो तो, आणि गेला.

पण मी पीटी मास्तर आहे. मी वाऱ्याला सोडतो काय? दुसऱ्या दिवसापासून स्कूटर काढली, आणि रोज सकाळी नंजनगूड रस्त्यावर, विमानतळाच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे, तिथं जाऊन बसायला लागलो. गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच, बाकी थाट शाळेचाच. वही, पेन्सिल, मान वर. विमान उडालं की लिहायचं. पूर्व. दुसऱ्या दिवशी, पूर्व. तिसऱ्या दिवशी, पूर्व. चौथ्या दिवशी तो टपरीवाला हात पुसत आला, म्हणाला, 'यारु बर्तारे सार? कोण यायचंय म्हणून रोज येता?' मी म्हटलं, 'कोणी यायचं नाही. मी जायचोय.' तर तो बिचारा माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी रोज येतो, रोज माझं विमान चुकतं, आणि घरच्यांनी अजून कुठं दाखवलं कसं नाही! बनपाव फुकट दिला हो त्यानं मला. पण मी हललो नाही. दहा दिवस! आणि दहाच्या दहा दिवस विमान पूर्वेकडं. शाळेची कवायतसुद्धा इतकी सरळ झाली नव्हती कधी.

म्हणजे शहर डावीकडं. म्हणजे सीट 'ए'. निशांत म्हणाला तशी मागची रांग. चौदा ए जयवंती, चौदा सी मी. बटण दाबलं आणि असं वाटलं की आभाळात टॉवेल टाकला! गल्लीत जाहीर केलं, 'डावी!' नरसिंहमूर्ती म्हणाले, 'मी सांगितलेलीच.' तुकोजी म्हणाला, 'पस्तावशील.' आणि जयवंती? तिला मी सांगितलं, 'डावी घेतली, तुझ्यासाठी, दहा दिवस अभ्यास करून.' ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'खिडकी आहे ना? झालं तर.' मी मनात म्हटलं, हिला कळतच नाही, हिच्यासाठी माणूस काय काय करतोय.

तो दिवस आला. आणि आता हसू नका हं. सीट ठरलेली आहे, नंबर छापलेला आहे, दुसरं कुणी बसू शकत नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं! पण विमानाचं दार उघडं दिसलं, पुढं वीस माणसं दिसली, आणि अडतीस दसऱ्यांचं रक्त उसळलं हो अंगात. गुडघेबिडघे विसरलो. जयवंतीच्या हातात दोन्ही पिशव्या दिल्या, लोकांच्या मधनं घुसलो, शिडी चढलो, आणि चौदा ए वर टॉवेल टाकला! वर डबासुद्धा ठेवला. आणि हात पसरून उभा राहिलो, कुणी येऊन दाखवा! ती हवाई सुंदरी धावत आली, 'सर… सर, प्लीज, काय झालं? कुणाची तब्येत…?' मी म्हटलं, 'जागा धरलीय.' ती म्हणाली, 'सर, ही तुमचीच जागा आहे.' मी म्हटलं, 'म्हणूनच धरलीय!' मागनं जयवंती आली, पिशव्या घेऊन, घामाघूम.  टॉवेल उचलला, घडी घातली, आणि खिडकीत बसली. आधी बोटानं काच पुसली. मग पदरानं पुसली.

विमान हललं. मी हिला सांगतोय, 'आता बघ हं, उडालं की लगेच डोंगर, मग राजवाडा, मान अशी ठेव.' विमान आपलं चाललंय, चाललंय… धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि वळलं. आणि वळल्यावर माझ्या डोक्यात एकदम आलं, ऊन कुठंय? सकाळची वेळ. सूर्य पूर्वेला. मग ऊन समोरनं यायला पाहिजे. आणि ते येतंय मागनं! अय्यो! विमान पश्चिमेला तोंड करून उभं! दहाच्या दहा दिवस पूर्व, आणि आज, नेमकं आज, वारा फिरला! मी हात वर केला. 'मॅडम! मॅडम, हे आज उलटं का?' ती तिच्या खुर्चीवरनं म्हणाली, 'सर, बेल्ट.' मी म्हटलं, 'अहो, बेल्ट आहे, दिशा नाही!' पुढच्या रांगेतली दोन पोरं फिदीफिदी हसली. आणि विमान सुटलं.

सुटलं म्हणजे काय, उडालंच. आणि माझा राजवाडा, माझी चामुंडी, माझं सगळं म्हैसूर, त्या बाजूला! एफ च्या खिडकीत! आणि त्या एफ मध्ये कोण बसलेलं? एक टायवाला गृहस्थ. कानात बोंडं. आणि बघतोय काय? मोबाईल! आणि मोबाईलमध्ये काय? कुठल्यातरी परदेशातला समुद्र, वरनं काढलेला! म्हणजे नोडी, आभाळात बसून, खिडकीला पाठ करून, माणूस दुसऱ्याच्या खिडकीतनं बघितलेलं बघतोय! मी वाटेतनं वाकून त्याच्या कोपराला हात लावला. 'सार… सार, राजवाडा!' त्यानं एका कानातलं बोंड काढलं, 'आँ?' मी म्हटलं, 'राजवाडा दिसतोय, बघा तरी! नाहीतर डोकं तरी मागं घ्या!' तर म्हणाला, 'बघितलाय, सार, गूगलवर,' आणि बोंड परत कानात. असल्यांना खिडकी देतात! डावी का उजवी, ह्यानं एक क्षण तरी विचार केला असेल का हो? ह्याच्या वडिलांनी टाकला होता का कधी टॉवेल? त्याच्या टायच्या आणि हनुवटीच्या मधनं मला एक पिवळं काहीतरी दिसलं, पाव सेकंद. तो राजवाडा होता का कुठलं लग्नाचं कल्याणमंटप, चामुंडीलाच ठाऊक.

गेलं. सगळं गेलं. मी खाली मान घालून बसलो. म्हटलं, अडतीस वर्षांत बाईनं एक खिडकी मागितली, आणि ती पण मी चुकीची दिली. तिच्याकडं बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं. तर ती काचेला कपाळ टेकवून बसलेली, आणि खांदे हलतायत. रडत होती हो!  मी म्हटलं, 'जयवंती, अगं ऐक, माझं चुकलं… म्हणजे माझं नाही, वाऱ्याचं…'

तर ती मान न वळवता म्हणाली, 'जरा गप्प बसा हो.'

 अडतीस वर्षांत हे पण पहिल्यांदाच. मग तिनं काचेवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढं न्यायला लागली. म्हणाली, 'ही आमची कपिला नदी. बघा, कशी वळत गेलीय. आणि हा कोटेचा रस्ता. आणि ते लांब चकाकतंय ना, ते धरणाचं पाणी. त्याच्या अलीकडं झाडं दिसतात ना काळी काळी… ते आमचं सरगूर.' मला काही दिसत नव्हतं, मला दिसत होता तिचा अंबाडा आणि एक कान, पण मी म्हटलं, 'हो हो.' तर म्हणाली, 'ह्याच रस्त्यानं लग्नानंतर मला बसमधनं आणलं तुम्ही. खिडकीत तुम्ही बसला होता. मला गाव मागं जाताना बघायचं होतं, पण तुमच्यापलीकडं काही दिसलंच नाही.'

आता ह्याला काय म्हणाल? मी खिडकीत बसलो होतो? बसलो असेन! मला बसमध्ये मळमळतं! नव्या नवरीच्या अंगावर ओकायचं का मी? पण ती अडतीस वर्षं हे धरून बसली होती, आणि मला वाटत होतं ती दसरा धरून बसलीय!

मग विमान उत्तरेकडं वळायला कललं, तिची बाजू वर गेली, खिडकीत नुसतं आभाळ उरलं. तिनं डोळे पुसले, काच पुसली, आणि आरामात मागं टेकली. मी म्हटलं, 'राजवाडा त्या बाजूला राहिला गं.' ती म्हणाली, 'राहू दे की. मला कुठं बघायचा होता राजवाडा?' ऐकलंत? मला कुठं बघायचा होता राजवाडा! मी म्हटलं, 'अगं, मग दर दसऱ्याला येतेस ती कशाला?' म्हणाली, 'तुम्ही उन्हात दहा तास उभे. बरोबर कोणीतरी नको? चक्कर येऊन पडलात तर?' म्हणजे मी समजतोय की माझ्या पेट्यामुळं हिला हत्ती दिसत नाही, आणि ही माझ्या मागं उभी राहते ती मला धरायला!  मी म्हटलं, 'पण मग सरगूर बघायचंय हे सांगायचं नाही का? दहा दिवस मी त्या टपरीवर बसलो!' ती डब्याचं झाकण उघडत होती. म्हणाली, 'विचारलं कुणी?'

विचारलं कुणी! नोडी, मी नरसिंहमूर्तींना विचारलं. तुकोजीला विचारलं. पुण्याच्या माणसाला कॉफी पाजून विचारलं. वाऱ्याला विचारलं, वही घेऊन! सगळ्या सरस्वतीपुरमनं पंधरा दिवस डोकं खाजवलं, डावी का उजवी, आणि जिला त्या खिडकीत बसायचं होतं तिला एकानं विचारलं नाही, बाई गं, तुला बघायचंय काय? आणि त्यातली गंमत, म्हणजे मला गंमत वाटत नाही, पण तुम्ही हसताय म्हणून म्हणतो, माझा अभ्यास बरोबर आला असता ना, तर तिला राजवाडा दिसला असता, आणि ती काही न बोलता घरी आली असती. मी छाती फुगवून फिरलो असतो, आणि सरगूर त्या टायवाल्याच्या पाठीमागनं निघून गेलं असतं.

येताना रेल्वेनं आलो, लेकीनं दिलेलं सामान होतं. आल्या आल्या गल्ली गोळा. 'राजवाडा दिसला का?' मी म्हटलं, 'दिसला.' काय सांगू दुसरं? नरसिंहमूर्ती म्हणाले, 'मी सांगितलेली, डावी!' मी मान हलवली. त्यांच्या बॅगेला अजून एक चिठ्ठी लागली म्हणायची.

आणि आता पुढच्या महिन्यात परत जायचंय, लेकीच्या सासऱ्यांची साठीशांत आहे. परत मोबाईलवर ते चित्र, आणि परत गल्लीत तेच, 'अंबाजीराव, डावी का उजवी?' पण मी आता शहाणा झालोय. ह्या वेळी कुणाला विचारलं नाही. टपरीवर गेलो नाही. सरळ स्वैपाकघरात गेलो, स्टूल ओढलं, जयवंतीसमोर बसलो, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा, विचारलं, 'जयवंती, तुला कुठली जागा पाहिजे?'

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. चांगला विचार केला हो तिनं, एवढा विचार तिनं माझं स्थळ आलं तेव्हासुद्धा केला नव्हता. आणि म्हणाली, 'बघायचं होतं ते बघून झालं. आता मी झोपणार. मला मधली घ्या. दोन्हीकडं माणूस असलं की बरं वाटतं.'

मधली! दोन इकडं, दोन तिकडं, मधे वाट! आहे का मधली त्या विमानात? दोन्हीकडं माणूस पाहिजे तर ती काय वाटेत बसणार? पण सांगू कसं तिला? पहिल्यांदा विचारलंय, आणि लगेच 'तसलं नसतं' म्हणू? म्हणून सांगतो, बायकोला विचारावं. विचारावंच. फक्त खुर्ची घरनं न्यायची तयारी ठेवावी.